शैलाताईंनी परत पाठवलेला दगड

कुणी शापाचं नाव काढलं की शैलाताई चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "कंट्रोल कुठाय?" इकडे परदेशात, केलीव्हिल या उपनगरात, त्या आणि त्यांचे यजमान मधुभाऊ आमच्या शेजारी राहायचे. ताईंचा सगळा जन्म पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलेला. औषध दिलेल्यांबरोबर न दिलेलेही, म्हणजे 'कंट्रोल', तपासायचे, मगच बोलायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

निवृत्तीनंतर त्यांना इजिप्तच्या राजांच्या थडग्यांचं वेड लागलं. संडे आर्व्होला, म्हणजे रविवारी दुपारी, इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांपुढे त्या बोलायच्या. "त्या कोवळ्या राजाचं थडगं उघडलं आणि खोदकामाला पैसे पुरवणारा लॉर्ड डास चावून मेला, हे सगळ्यांना पाठ. खोदणाऱ्याचा पाळलेला पक्षी नागाने खाल्ला, कैरोचे दिवे गेले, तेही पाठ. पण ज्याने स्वतः ते खोदलं तो पुढे कितीतरी वर्षं जगला! त्याची बातमी होत नाही, बायांनो."

मग दोघं इजिप्तला जाऊन आले आणि महिन्याभरात मधुभाऊंना ताप भरला. उतरायचा, पुन्हा चढायचा. माणूस निम्मा झाला. बंद थडग्यात बुरशी असते, ती फुप्फुसात गेली असेल, असं ताईंनीच डॉक्टरांना सुचवलं. तपासणी झाली. बुरशी नव्हती. मग टीबी नाही, मलेरिया नाही. दर 'नाही'बरोबर ताईंचे अंदाज संपत गेले.

एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या. हातात चटणीचा प्लास्टिकचा डबा. आत कापसात पांढुरका दगडाचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा.

"यांनी उचलला गं. थडग्याच्या दाराशी. मला काल सांगितलं, तापात."

"मग?"

"जिथला तिथे पाठवायचाय. मला पोस्टात सोड. आज माझ्याने गाडी चालवली जायची नाही."

"ताई, तुम्हीच म्हणता ना..."

"मला माहितीये मी काय म्हणते!" त्या एकदम ओरडल्या. मग खुर्चीत बसून रडल्या. मी त्यांना पोस्टात नेलं. घाईघाईत त्यांनी इजिप्तमधल्या म्युझियमचा पत्ता लिहिला, पाकीट गेलं.

त्याच आठवड्यात रक्तात जंतू सापडले. किडक्या दातापासून निघून ते हृदयाच्या झडपेवर बसले होते. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. दहा-बारा दिवसांत मधुभाऊ उठून बसले आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरले.

मी मात्र गोंधळले. औषध खरं, हे कळत होतं. तरी दगड गेला आणि ताप गेला, हे डोक्यातून जाईना. ताईंना विचारायचा धीर झाला नाही. मंडळातल्या बायकांनी विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. मला विचारू नका."

अडीच महिन्यांनी ते पाकीट परत आलं. पत्ता अपुरा. कुठल्या तरी गोदामात फिरून दगड पुन्हा केलीव्हिलला! तो इजिप्तला पोचलाच नव्हता आणि मधुभाऊ तोवर मागच्या अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते.

मला वाटलं, ताई आता हसतील. सुटलो म्हणतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा दारात.

"चल, पोस्टात."

"अहो, आता कशाला? भाऊ तर बरे झाले."

"बरे झाले म्हणून दगड आपला झाला का?"

या वेळी त्यांनी पूर्ण पत्ता शोधून आणला होता. कस्टम्सच्या फॉर्मवर भेट, नमुना, कागदपत्रं असे चौकोन होते. त्यांनी 'परत केलेली वस्तू' या चौकोनात ठसठशीत खूण केली. मधुभाऊंकडून माफीची चिठ्ठी लिहून घेतली होती, तीही आत घातली.

पुढे दोघं मुलीकडे ग्लेन वेव्हर्लीला कायमचे गेले. निघायच्या दिवशी खोकी बांधताना मी शेवटी विचारलंच, "ताई, पहिल्यांदा पाठवलात तेव्हा तुमचा विश्वास बसला होता का हो? शापावर?"

त्यांनी चिकटपट्टी दातांनी तोडली आणि खोक्यावर दाबून बसवली.

"त्या दिवशी तू म्हणाली असतीस, चुलीपुढे उलटी उभी राहा, तर मी राहिले असते," त्या म्हणाल्या. "तशा वेळी माणसाला हसू नये, एवढं मला कळलं. बाकीचं अजून नीटसं नाही कळलेलं."