कणगीमागची आफ्रिका

आमच्या गावानं मला तीन वेळा आफ्रिकेला पोचतं केलं, आणि तिन्ही वेळा मी जालन्याच्या पुढं गेले नाही.

त्याचं असं झालं. आमचे हे जालन्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र कुरकुरायला लागलं की हे नुसते जवळ जाऊन उभे राहिले तरी ते गप्प बसतं, असं मामंजी म्हणजे माझे सासरे चारचौघांत सांगत. (मी कुरकुरले की मात्र यांना काही सुचत नसे.) त्याच कामावर यांना आफ्रिकेत, युगांडात नोकरी लागली. तिकडंही कापूस होता आणि तिकडंही सरकी होती. "सहा महिन्यांत तुला बोलावून घेतो," असं सांगून हे गेले. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तो माणूस मला नुकताच कुठं आवडायला लागला होता, आणि पुढचं आवडणं सरकारच्या परवानगीवर अडून बसलं.

निजामाच्या राज्यातल्या बाईला नवऱ्याकडं परदेशी जायचं तर अर्ज तालुक्याच्या कचेरीत द्यायचा. तिथून तो औरंगाबादेला जाई, तिथून हैदराबादेला, मग इंग्रज साहेबाकडं, आणि साहेबाला शंका आली की त्याच वाटेनं माघारी. माझ्या अर्जानं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मुलूख पाहिला. तो उर्दूत होता, त्यामुळं त्यात माझ्याविषयी काय लिहिलंय ते मला कधी कळलं नाही. चांगलंच असणार, कारण लिहिणाऱ्याला मामंजींनी आधी पोटभर जिलबी खाऊ घातली होती.

एके दिवशी मामंजी कचेरीतून परतले ते अंगणातूनच ओरडत.

"झालं काम! द्वारके, बांधाबांध कर!"

"कागद दाखवा," आत्याबाई म्हणाल्या. (आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरातली अक्कल त्यांच्याकडं होती, पण तिला कुणी विचारत नसे.)

"कागद कशाला? खुद्द कचेरीतले पेशकारसाहेब बोलले, 'समझो हो गया.'"

"समजा म्हणले ना? झालं म्हणले का?"

"तुला कचेरीतलं काय कळतंय? मी रोज जाऊन राह्यलो तिथं!"

झालं! दुसऱ्या दिवशी गावभर निरोप गेला. घरोघरी मला जेवायला बोलावलं. प्रत्येक घरी ओटी भरली, खण मिळाला, नारळ मिळाला, आणि यांच्यासाठी म्हणून पापड, कुरडया, लोणची आली. शेजारच्या कासाबाईनं शेवयांचं एवढं मोठं गाठोडं दिलं की युगांडात शेवयांचं दुकान घालता आलं असतं. वेशीपर्यंत सगळ्या बायका रडत आल्या. मीही रडले. मामंजींनी राजूरच्या गणपतीच्या दिशेला हात जोडले, आणि आमची बैलगाडी जालन्याला निघाली.

जालन्यात स्टेशनाकडं एका शेठजींची पेढी होती. माझ्या तिकिटाची तजवीज तेच करणार होते.

"परवानगीचा कागद?" शेठजींनी विचारलं.

"समजा झालाच," मामंजी म्हणाले.

"मालक, समजुतीवर बोटीत कोन बसू देतंय?"

आम्ही परत आलो. गाव चांगलं होतं, कुणी हसलं नाही. पण ओटी परत कशी करायची? भरलेली ओटी परत घेत नाहीत. मी वीसेक खणांची मालकीण होऊन चुलीपुढं बसले आणि यांच्या नावचे पापड आम्हीच खाल्ले.

दुसऱ्या वेळी पेशकार म्हणाले, "बस, दस्तखत बाकी है." मामंजींनी परत निरोप धाडला. या वेळी खण नव्हते, नुसते नारळ होते. रडणंही बेताचंच झालं. तिसऱ्या वेळी तर मामंजींनी यांना पत्रही टाकून दिलं, की सूनबाईला पाठवतो आहे, बंदरावर घ्यायला ये. त्या खेपेला ओटीत सुपारी आणि उपदेश एवढंच पडलं. वेशीजवळ एकीच्याही डोळ्यांत पाणी येईना. कासाबाईनं माझा हात धरला आणि कळवळून म्हणाली, "जा बाई द्वारका. आता खरंच जा. घरात नारळ राह्यला न्हाई."

शेठजींनी आम्हाला दुरून पाहिलं आणि दुरूनच मान हलवली.

परतीच्या वाटेवर गाव दिसायला लागलं तसा मामंजींचा चेहरा उतरत गेला. एका ओळखीच्या शेताशी त्यांनी गाडी थांबवली, कडबा मागून घेतला आणि गाडीत रचायला लागले.

"मामा, कडबा कशाला?" मी विचारलं.

"द्वारके, तू खाली नीज."

"कशाच्या खाली?"

"कडब्याच्या. दोन-चार दिसांत कागद येतोच हाय. तवर गावाला कळायची काय गरज?"

अशा रीतीनं भर दुपारी, सगळे रानात असताना, मी माझ्याच सासरी वैरणीखालून दाखल झाले. घराच्या आतल्या अंगाला एक कोठी होती. तिथं ज्वारीच्या कणगीमागं माझं अंथरूण पडलं. माळवदाचं घर, खिडकी नाही, वर एक झरोका. आमची आफ्रिका ती एवढीच.

दोन-चार दिवसांचे महिने झाले. मला मोठ्यानं बोलायची बंदी होती, शिंकायची बंदी होती. जात्यावर बसले तर ओवी म्हणायची बंदी होती. बाहेर आत्याबाई गायच्या आणि आत मी दळायचे. कासाबाई रोज येऊन ओसरीवर बसायची आणि माझी चौकशी करायची.

"काय म्हणती द्वारका? पत्र आलं का न्हाई?"

"आलं की," आत्याबाई सांगायच्या. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, पण हात बसत गेला तशी गोडी लागली. "तिकडं केळं शिजवून खात्यात म्हनं."

"अगं बया! आन् सिंव्ह?"

"सिंव्ह बी हायेत. पन दारात येत न्हाईत."

"पोर गुनाची होती," कासाबाई सुस्कारा टाकायची. "भाकरी तेवढी जाड थापायची. आन् जरा आळशीच."

माणूस दूर गेला की त्याचं नुसतं कौतुक होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी कोठीत बसून स्वतःबद्दल जे ऐकलं, त्यातलं निम्मं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. पण एकटी असले की मला यांचीच आठवण यायची. यांचा आवाज कसा होता तेसुद्धा नीट आठवेनासं झालं होतं, आणि त्याची मला भीती वाटायची.

आणि मग एके दिवशी घोड्यावरून गिरदावर आला, म्हणजे कचेरीचा तपासणीचा अंमलदार. माझ्या अर्जाची शेवटची चौकशी होती. अर्जदार बाई सांगितल्या गावी राहते की नाही, एवढंच डोळ्यांनी बघून लिहायचं होतं. तो आमच्याच ओसरीवर बसला. त्याच्यामागं गाव जमा झालं.

"द्वारकाबाई कहाँ है?" त्यानं विचारलं.

"गेली की साहेब!" गाव एका सुरात म्हणालं. "आफ्रिकेला! आम्हीच तर पोचवायला गेल्तो वेशीपर्यंत!"

"बगैर इजाजत?"

मामंजी पागोटं सारखं करायला लागले. मी आत तडफडले. उठून सरळ बाहेर यावं, पण गावादेखत सासऱ्याला खोटं कसं पाडायचं? मी जवळचा तांब्या आपटला.

"ये क्या?"

"मांजर हाय साहेब," मामंजी म्हणाले.

मी परात आपटली.

"बोका हाय," मामंजी म्हणाले, "लई माजलाय."

"सुखात हाय पोर," कासाबाईनं मध्येच तोंड घातलं. "दिवस बी गेलेत तिला. चौथा चालू हाय. तिच्या सासूनंच सांगितलं. बराबर ना गं?"

आत्याबाईंनी पदराचा बोळा तोंडात घातला. (हे दिवसांचं त्या कधी बोलल्या होत्या, मला पत्ता नव्हता! यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती.)

गिरदावरानं कागदावर काहीतरी लिहिलं. जी बाई गेलीच आहे तिला जायची परवानगी कशाला, असं म्हणून तो घोड्यावर बसला. त्या दिवशी मला मामंजींचा खराखुरा राग आला. त्यांची अब्रू राहिली आणि माझा नवरा गेला, असा तो हिशोब होता. मी जेवले नाही. आत्याबाईही जेवल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्या मामंजींवर ओरडल्या, "उद्या जा आन् खरं सांगून या! पोरीचा संसार कडब्याखाली घातलात तुमी!"

मामंजी गेले. संध्याकाळी परतले ते काळवंडून.

"पेशकार म्हणला, पूरा गाव झूठा और तुम सच्चे? खोट्या साक्षीचा मुकदमा होईल म्हणला." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "गिरदावर परत येनार हाय, कवा ते सांगत न्हाई. मी असलो तर समजावतो त्याला, पन मी घरात असल्याबिगर तू कुनाम्होरं यायचं न्हाई. बूट वाजले की कणगीमागं. बिलकुल हलायचं न्हाई."

आमच्या गावात तेव्हा बूट घालणारा एकही माणूस नव्हता. त्यामुळं आठ-दहा दिवसांनी दुपारच्या वेळी दारात बूट वाजले, तेव्हा मला शंकाच उरली नाही. मामंजी रानात होते, आत्याबाई पाण्याला. मी कणगीमागं शिरले.

"कुनी हाय का घरात?" भसाडा आवाज आला.

मी श्वास धरला. बूट ओसरीवर आले. मग माजघरात आले. मग थेट कोठीच्या दारात येऊन थांबले. कणगीखालच्या फटीतून मला ते दिसत होते, धुळीनं भरलेले, जाडजूड, सरकारी. माणूस तिथंच उंबऱ्यावर बसला. खाकरला. पाणी शोधून प्याला. जाईल म्हटलं, तर जाईना. माझ्या नाकात ज्वारीची भुकटी गेली होती आणि शिंक अगदी टोकाला आली होती. मुकदमा, मामंजींच्या हातात बेड्या, सगळं डोळ्यांपुढं दिसायला लागलं. मी डोळे मिटले आणि राजूरच्या गणपतीला पाच नारळ बोलले.

अर्धा तास गेला असेल. अंगणात घागर पडल्याचा आवाज झाला.

"लेका! तू? आरं, तू कसा आलास?" आत्याबाई ओरडल्या.

"आई, तिला पाठवलं म्हणून बाबांनी लिहिलं ना!" तो भसाडा आवाज आता फाटला होता. "बंदरावर येक बोट सोडली न्हाई म्या. समद्या बाया उतरून गेल्या, ही न्हाई उतरली. मंग कुनाला काय इचारू? सुट्टी टाकली आन् आलो. आई, खरं सांग, ती जित्ती हाय ना?"

आणि तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला.

मी निघालेच नाही हे सांगणारं मामंजींचं दुसरं पत्र पोचायच्या आत यांनी परतीची बोट धरली होती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की दोन वर्षं ज्याच्यासाठी झुरले तो उंबऱ्यावर बसून माझ्यासाठी रडतोय. मी उठले. नेमकी तेव्हाच ती शिंक आली.

आणि नेमकी तेव्हाच घागरीच्या आवाजानं कासाबाई धावत आली. डोक्यापासून पायापर्यंत ज्वारीच्या भुकटीनं पांढरी झालेली मी तिला कणगीमागून निघताना दिसले. "भूऽऽत!" म्हणून ती जी खाली बसली, ती तोंडावर पाणी मारल्यावरच शुद्धीवर आली. शुद्धीवर येताच तिनं मला हात लावून पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "आफ्रिकेहून कवा आलीस? आन् दिवस गेल्ते त्याचं काय झालं?"

हे माझ्याकडं बघायला लागले. "कसले दिवस?"

ते समजावून सांगता सांगता दिवेलागण झाली. मामंजी रानातून आले, लेकाला पाहिलं, मला पाहिलं, भिंतीशी बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. यांनी त्यांना काही विचारलं नाही. मला तेव्हा हा माणूस पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

हे परत आफ्रिकेला गेले नाहीत. जालन्याच्या जिनिंगमध्ये जुनी जागा मिळाली आणि आम्ही स्टेशनाकडं खोली घेऊन राहिलो. परवानगीचा कागद नंतर सवडीनं आला. तोवर आमचा थोरला रांगायला लागला होता. "आलाच ना शेवटी?" असं मामंजी म्हणाले, आणि आत्याबाईंनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं.

पण मला सांगायचंय ते पुढच्याच चतुर्थीचं. हे आल्यावर आम्ही जोडीनं राजूरला गेलो होतो. यांनी पाच नारळ विकत घेतले. मी नवस बोलले होते एवढं त्यांना आत्याबाईंकडून कळलं होतं.

"काय मागितलं होतंस गं देवाला?" यांनी पायऱ्यांवर हळूच विचारलं. चेहरा असा खुलला होता की मला खरं सांगवेना.

"तुम्ही यावं म्हणून," मी म्हणाले.

हे इतके खूश झाले की आणखी दोन नारळ घेतले. मी गाभाऱ्यात गेले, पण मान काही वर केली नाही. 'हा बूटवाला मेला एकदाचा चालता होऊ दे' हे मी काय शब्दांत मागितलं होतं, ते देवाला चांगलंच ठाऊक होतं. उभ्या जन्मात माझ्या एकाच अर्जाचा निकाल वेळेवर लागला, आणि तो नामंजूर झाला!