भाऊजींची पळणारी माणसं

बातमी आली तेव्हा मी भाऊजींसाठी मऊ भात डब्यात भरत होते. हॉस्पिटलातलं जेवण त्यांच्या तोंडाला लागत नसे, म्हणून रोज दुपारी मी डबा घेऊन बसने जात असे. फोन समीरचा होता, मोडकं मराठी बोलणाऱ्या त्यांच्या मुलाचा. "काकू, तुम्ही हळू ये," तो म्हणाला, "घाई नको. डॅड गेले." मी बरं म्हटलं आणि डब्याचं झाकण लावलं. मग लक्षात आलं की आता डबा न्यायचा नाही. तरी तो पिशवीत ठेवला आणि पिशवी घेऊनच बसमध्ये चढले. बसमध्ये गर्दी नव्हती. खिडकीशी बसून मी रोजच्यासारखीच बाहेर बघत गेले...

मधुभाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. नॉटिंगहॅममधलं हे घर दोघा भावांनी मिळून घेतलं होतं. खाली आम्ही, वर भाऊजी, त्यांची बायको आणि समीर. पुढे भाऊजींचा घटस्फोट झाला, समीर आईबरोबर ब्रिस्टलला गेला आणि तिथेच शिकून विमानांच्या कारखान्यात इंजिनियर झाला. मग आमचे हे गेले. आम्हाला मूल नव्हतं. घरात मी आणि भाऊजी दोघंच उरलो, मी खाली आणि ते वर. सकाळचा चहा आणि संध्याकाळचं जेवण एकत्र, बाकी ज्याचं त्याचं. मला बोलायची फारशी सवय नाही आणि त्यांना ऐकणारं माणूस हवं असे. त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

भाऊजी बसच्या डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर त्यांच्याजवळ एकच वेड राहिलं, अमेरिकेतल्या फुटबॉलचं. तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात माणसं डोक्यावर टोप घालून, खांद्याला गाद्या बांधून एकमेकांवर आदळतात. समीर लहान असताना दर रविवारी संध्याकाळी तो इथल्या टीव्हीवर लागायचा आणि दोघं बापलेक सोफ्यावर बसून बघायचे. पुढे त्याचा एक घरबसल्या खेळ निघाला. खरे खेळाडू तिकडे पळतात, आपण इकडे त्यांच्यातले निवडून आपला संघ करायचा. आपला माणूस जितका पळेल तितके आपल्याला गुण. ऑगस्टच्या शेवटी सगळे जण फोनवर जमतात आणि पाळीपाळीने एकेक खेळाडू घेतात. एकाने घेतला की तो दुसऱ्याला मिळत नाही. भाऊजींच्या गटात समीर होता, आणि डेपोतले दोघंतिघं.

या खेळात सगळ्यात महत्त्वाचा तो रनिंग बॅक. म्हणजे चेंडू पोटाशी धरून माणसांच्या गर्दीत घुसणारा. भाऊजी म्हणायचे, बाकीचे खेळाडू म्हातारपणापर्यंत खेळतील, हा मात्र लवकर खलास होतो. सगळे त्याच्या अंगावरच पडतात ना. म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधी या पळणाऱ्यांची यादी करायची, पहिला कोण, दुसरा कोण, विसावा कोण. कोणाचा गुडघा कापलाय, कोणाचं वय झालंय, सगळं बघायचं. भाऊजी गाडीचाच हिशेब लावत. "रंग बघू नये वहिनी, गाडी किती चाललीय ते बघावं." मला नावं काही लक्षात राहत नसत. मी त्यांना आपली नावं दिली होती... वेण्यावाला, सोन्याच्या दातांचा, ठेंगू. भाऊजी हसत, पण जेवताना तेही तसंच म्हणू लागले. "आज ठेंगूनं नाक कापलं आपलं."

ही यादी ते समीरला पाठवत आणि समीर आपली त्यांना पाठवी. मग आठवडाभर भांडण. दोघं बोलायचे ते एवढंच. बाकी बोलणं समीरच्या लग्नात संपलं होतं. लग्न ब्रिस्टलला, आपल्या पद्धतीनं होतं. देवक बसवायला आईशेजारी कोण बसणार, असा प्रश्न निघाला. तिचा दुसरा नवरा ग्रॅहम, भला माणूस, धोतर नेसायलाही तयार होता. समीर वडिलांना म्हणाला, "डॅड, तुम्ही नंतर बसा, फोटोला." भाऊजी लग्नाला गेलेच नाहीत. मी एकटी गेले, अक्षता टाकल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. ते जेवायचे थांबले होते. लग्न कसं झालं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी त्यांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर कोट न काढताच ते माझ्यासमोर बसले. "समीरला कळवायचं नाही," म्हणाले. मी म्हटलं, "मुलगा आहे तुमचा." ते म्हणाले, "म्हणूनच. आता कळलं तर दया येऊन येईल. मग तो खरंच कशासाठी आला, ते मला कधीच कळणार नाही. ऑगस्टमध्ये यादी पाठवीन, तेव्हा नेहमीसारखा भांडेल. तेवढं भांडण मला हवंय." मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते...

जुलैत एका दुपारी मी मटार सोलत होते आणि भाऊजी पाय वर घेऊन सोफ्यावर पडले होते. ते एकदम म्हणाले, "वहिनी, यंदा तुम्ही माझ्या हँडकफ."

"म्हणजे पोलीस घालतात त्या बेड्या?"

"बेड्या नव्हे हो. एकेका टीमचा एक मुख्य पळणारा असतो. त्याच्या मागे दुसरा बसलेला असतो. पहिल्याचा पाय मोडला की दुसरा उभा राहतो. पहिला आपल्याकडे असला तर दुसऱ्यालाही घेऊन ठेवायचं. त्याला हँडकफ म्हणतात."

"आणि पहिल्याला काही झालंच नाही तर?"

"मग तो बिचारा वर्षभर नुसता बसून राहतो."

"तसं असेल तर मी बसून राहीन की," मी म्हटलं. ते हसले. मग फोनवर संघ कसा लावायचा, कुठं बोट दाबायचं, ते त्यांनी मला शिकवलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण खेळाडूंचे फोटो असतात.

ऑगस्टमध्ये त्यांना अचानक कावीळ झाली आणि हॉस्पिटलात ठेवावं लागलं. फोन हातात धरायची ताकद नव्हती. यादी राहिली. चारपाच दिवस समीरच्या मेसेजला उत्तर गेलं नाही, तेव्हा त्याने घरच्या फोनवर फोन केला. कितीतरी वर्षांत त्या फोनवर त्याचा आवाज आला नव्हता.

"काकू, डॅड कुठे आहे?"

"बाहेर गेलेत." हे काही खोटं नव्हतं.

"त्यांची फोन बंद आहे. लिस्ट कधी येणार? सगळे थांबलेत."

वचन मोडायचं नव्हतं आणि फोन तर ठेवता येईना. काहीतरी हसण्यावारी न्यावं म्हणून मी म्हटलं, "येईल रे. नाही आली तरी मी आहे ना. भाऊजी म्हणालेत, यंदा मी त्यांची हँडकफ."

तो हसला नाही. मला वाटलं, त्याला गंमत कळली नाही. म्हणून मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. "हँडकफ रे. तुमच्या खेळातलं."

"काकू," तो म्हणाला, "कुठल्या हॉस्पिटलमध्ये?"

मी हॉस्पिटलचं नावही काढलं नव्हतं... पण आता लपवण्यात अर्थ नव्हता, वॉर्ड सांगून टाकला. नंतर समीरनेच सांगितलं. इतकी वर्षं हा खेळ खेळून भाऊजींनी एकदाही हँडकफ घेतला नव्हता. दुसरा घेऊन ठेवणं म्हणजे पहिल्याला आधीच मातीत घालणं, असं ते म्हणत आणि घेणाऱ्यांची टर उडवत. मला हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तर समीर वॉर्डच्या दाराशी उभा होता, पाठीवर बॅग. आत जायला धजत नव्हता. माझ्या मागून आला. भाऊजींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सांगितलंत?"

"मी आपणहून काहीसुद्धा सांगितलं नाही. फक्त हँडकफ म्हटलं."

भाऊजी इतके हसले की नर्स धावत आली. "वहिनी, वहिनी... दुसरं काहीही बोलला असतात तरी चाललं असतं!" समीर पलंगाच्या पायथ्याशी उभाच होता. शेवटी म्हणाला, "डॅड, लिस्ट लेट झाली."

"पेन आण," भाऊजी म्हणाले.

थोडा उतार पडल्यावर त्यांना घरी सोडलं. पलंग खालच्या बैठकीत आणला. समीरने रजा काढली आणि वरच्या खोलीत राहिला. दिवसभर दोघांचं चाले. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. वाटे, आता लग्नाचा विषय निघेल, आता एकजण काही बोलेल. मी मुद्दाम चहा उशिरा नेत असे. पण आत गेले की वेण्यावाल्याच्या गुडघ्यावर वाद चाललेला.

एकाच माणसावर त्यांचं जमत नव्हतं. तो दाढीवाला, तीस वर्षांचा. मी त्याला म्हातारा म्हणायची. भाऊजींनी त्याला चौथा लावला होता. समीर म्हणे, पहिल्या विसातसुद्धा नको, त्यापेक्षा एक नवा पोरगा बरा.

"डॅड, तो संपली."

"संपला म्हण. माणूस आहे तो."

"ओके, संपला. तुम्हीच मला सांगितला ना, माइलेज बघ. त्याची माइलेज बघा."

"याचा हिशेब वेगळा."

"काय वेगळा? व्हाय?"

भाऊजी म्हणाले, "हे लोक लंडनला वेम्बलीत खेळायला आले आणि आपण मॅच बघायला गेलो होतो, तेव्हा हा नवीन होता. पहिल्यांदा चेंडू घेऊन सुटला तेव्हा तू एवढा ओरडलास की घसा बसला तुझा. ईलिंग रोडवर जेवायला गेलो तर वेटरला खुणेनं सांगत होतास, डोसा पाहिजे म्हणून." समीर खिडकीबाहेर बघत राहिला. त्या मॅचच्या पुढच्याच वर्षी लग्न झालं होतं, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी कप उचलले आणि आत गेले. जरा वेळाने समीरचा आवाज आला, "तरी पण विसात नाही, डॅड."

निवडीच्या संध्याकाळी समीर दोन फोन घेऊन बसला होता, एक त्याचा, एक वडिलांचा. भाऊजींना बोलायला दम लागत होता, म्हणून ते बोटांनी खुणा करत. तीन पाळ्या झाल्या. चौथी आली आणि समीर थांबला. "म्हाताराच घेऊ ना?" त्यानेही माझाच शब्द वापरला. भाऊजींनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, "नको. तू म्हणतोस तो पोरगा घे."

"आर यू शुअर, डॅड?"

"तुझं बरोबर आहे. घे."

मी इतकी वर्षं भाऊजींना पाहत होते. डेपोत, घरात, भावाशी, बायकोशी, कोणाशीही वाद झाला तरी तुझं बरोबर आहे, असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. समीर बराच वेळ फोनकडे बघत बसला. पलीकडून डेपोतला एकजण ओरडत होता, घड्याळ संपत आलंय म्हणून. मग त्याने बोट दाबलं.

सीझन सुरू झाल्यावर थोड्याच रविवारांनी ते पुन्हा हॉस्पिटलात गेले आणि तिथून आले नाहीत. क्रिया समीरनेच केली. काय म्हणायचं ते गुरुजी सांगत आणि तो इंग्रजी अक्षरांत हातावर लिहून घेत असे.

आता काही आठवडे झाले. मागच्या रविवारी समीर आला होता, भाऊजींचे कपडे बांधायला. कपडे बांधून झाल्यावर सहा वाजता त्याने टीव्ही लावला. हॉस्पिटलचा पलंग परत गेलाय आणि बैठक पुन्हा मोठी वाटते. मी विचारायचं ठरवलं होतं, ते चहा देताना विचारून टाकलं. "बाबा शेवटी काही बोलले का रे, लग्नाबद्दल?"

"नाही."

"आणि तू?"

"नाही, काकू." त्याने चहा घेतला. पडद्यावर माणसं एकमेकांवर पडत होती. त्याचा फोन मध्ये टीपॉयवर उघडा होता, त्याच्या संघाचे फोटो एकाखाली एक. सगळ्यात खाली दाढी दिसली, म्हणून मी चष्मा लावून वाकून पाहिलं.

"हा म्हातारा तुझ्याकडे कसा?"

"त्याच दिवशी घेतला. डॅडनी सोडला, नेक्स्ट टर्न माझा होता."

"पळतो का?"

"घोटा तुटलाय. या वर्षी नाही खेळणार."

"मग काढून टाक ना. जागा अडते म्हणायचे भाऊजी."

"सगळे तेच सांगतात." त्याने फोन उचलून पालथा ठेवला.

"म्हणजे संपला नाही तो?"

"संपला, काकू," समीर म्हणाला. "राहू दे."