परदेशी गन आणि चाचांचा पाना

गेवराईबाहेर हायवेला आमचं टायरचं दुकान आहे, माझं आणि चाचांचं, भागीत. चाचा वयानं माझ्याहून वीस वर्षं मोठे, आणि कामात किती मोठे ते सांगण्यात अर्थ नाही. उसाच्या ट्रकची चाकं त्यांनी जन्मभर एकाच देशी पान्यानं खोलली. पान्याला लांब पाइप लावायचा आणि अंगाचा सगळा भार टाकायचा. पाना तसाच राहिला, चाचांचा उजवा खांदा मात्र कामातून गेला.

बीडला राहणारा त्यांचा मुलगा मागे लागला, "अब्बा, लई झालं, आता माझ्याकडं चला." चाचांचं उत्तर ठरलेलं, "नट खोलता येत्यात तवर दुकानात. नुसतं खुर्चीत बसायला मी ऱ्हानार न्हाई." खोटं कशाला बोलू, ते जायला नको होते मला. त्यांच्याशिवाय दुकान मला झेपलं नसतं. म्हणून मी हवेवर चालणारी परदेशी गन आणली. घोडा दाबला की नट भराभर सुटायचे. मग मी त्यांच्या पान्याची रोज टिंगल करायचो.

पुढच्याच हंगामात गन नुसती गुरगुरायला लागली, नट काही हलेना. परदेशी माल म्हणजे वरचा देखावा, असं मी चारचौघांत सांगत सुटलो. तेवढ्यात मुलाचा फोन आला, शुक्रवारी न्यायला येतो म्हणून.

चाचांनी गन खोलली. आत काळा चिखल.

"काय घालतो बे ह्यात?"

"गिअरचं तेल. रोज, भरपूर."

"गन हाय ही, बैलगाडीचा आख न्हाई! आन् कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पानी कदी काडलं?"

ते मी कधीच काढलं नव्हतं. डिझेलचा डबा पुढं सरकवला. डिझेलनं धुतल्यावर दिसलं की हवेनं फिरणाऱ्या पट्ट्यांपैकी एक तुटलीय. तशी पट्टी ना गेवराईत मिळाली, ना बीडला.

शुक्रवारी नमाजानंतर चाचा बेकलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा, एक तुकडा घेऊन आले. त्या दुखऱ्या खांद्यानं दुपारभर कानस चालवली. घासायचे, बसवून बघायचे, पुन्हा घासायचे. मी जन्मात इतकी सुबक पट्टी केली नसती. वर शिलाई मशीनच्या तेलाचे चारच थेंब.

मुलगा आला तेव्हा चाचा ट्रकच्या चाकाशी बसले होते. एकामागून एक सगळे नट सुटले. चाक परत चढवताना शेवटचा आवळ मात्र त्यांनी मला जुन्या पान्यानंच द्यायला लावला. गन कितीही चांगली असो, शेवट हातानं, ही त्यांची पद्धत.

मुलगा म्हणाला, "अब्बा, घरून आलो. सैपाकघरातला लाइटीचा बोर्ड कुठं गेला? वायरी लोंबायल्यात, अम्मी लई चिडलीय."

चाचांनी गन वर धरली. "ह्यात हाय. अम्मीला नवा बसवून दे आन् जा बीडला."

मुलानं एकदा गनकडं पाहिलं, एकदा बापाकडं, आणि हसत बोर्ड आणायला गेला. माझे डोळे भरून आले होते. ते चाचांना दिसू नयेत म्हणून मी कॉम्प्रेसरकडे गेलो आणि टाकीतलं पाणी काढलं.