आवतण दिलेला ट्रॅक्टर

"आवो, धरा त्याला! आंगणात शिरून राहिला! आवो, ऐकू येतंय का न्हाई?"

ओरडत होती माझी बायको, सविता. तिचा आवाज असा की पुसेगावात ओरडली तर हिंगोलीच्या स्टँडवरची माणसं मागं वळून बघतील. मी मागच्या दारी तोंड धूत होतो. साबण डोळ्यात तसाच घेऊन पळालो. पोळ्याचा दिवस, दिवेलागणीची वेळ. वाटलं, कुणाचा तरी बैल बिथरून आत घुसला.

अंगणात बैल नव्हता. माझा ट्रॅक्टर होता... आणि सीटवर कुणीही नव्हतं.

आता थोडं मागं जातो. भुताखेतांवर विश्वास नाही, असं या कट्ट्यावर सगळेच लिहितात. माझी केस वेगळी आहे – भुतंच माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. मी फेकतो, हे सेनगाव तालुक्यातल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत आहे. पण ही गोष्ट मला फुगवताच येत नाही हो. मुळातच एवढी फुगलेली आहे की अजून हवा भरली तर फुटेल.

गाव पुसेगावच्या अलीकडचं. नाव देत नाही, पाव्हणे-रावळे हे वाचतात. मारोतीचं देऊळ खाली ओढ्याकडं, आमचं घर वर टेकावर. मधला रस्ता चढाचा. आणि त्या श्रावणात चिखल असा, की म्हैस बसली तर नुसती शिंगं दिसावीत.

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडं खांदमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि त्याला म्हणायचं – आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी बैल दारात येतो, त्याला पुरणपोळी भरवायची, मगच घरातल्यांनी जेवायचं. माझ्या वडिलांनी, आबांनी, हा नेम जन्मभर पाळला. पण आमचा शेवटचा बैल, सर्ज्या, त्या उन्हाळ्यात म्हातारपणानं गेला. आणि आबा हळदीची वाटी घेऊन रिकाम्या दावणीपुढं बसलेले.

मला ते बघवेना. माझा स्वभाव वाईट – रडू यायला लागलं की मी चेष्टा करतो. आबांच्या हातातली वाटी घेतली, ट्रॅक्टरच्या बॉनेटला हळद-तूप चोळलं आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "आज आवतण घ्या सर्जेराव, उद्या जेवायला या!"

गल्ली हसली. आबा हसले नाहीत.

"दिलंस आवतण?"

"दिलं की!"

"मंग आता त्याच्या आधी घरात कुनाचा घास न्हाई. पोरांची गोष्ट येगळी. पर माझा तर न्हाईच."

मी म्हटलं, त्यात काय! उद्या ट्रॅक्टर दारात आणतो, पोळी दाखवतो, खेळ खलास.

पोळ्याला ट्रॅक्टर धुतला, झूल घातली, बाशिंग बांधलं आणि बैलांच्या रांगेत, देवळापुढच्या तोरणाखाली नेऊन उभा केला. हलगी कडाडली. पोरं नाचली, मीही नाचलो – असा नाचलो की धूळ उडाली. हो, चिखलातून. मग झडत्या सुरू झाल्या. झडती म्हणजे पोळ्यात एकमेकांवर टाकायचं टोमण्याचं गाणं. शेजारच्या भुजंगानं बेंबीच्या देठापासून माझ्यावर टाकली –

"शिंग न्हाई, शेपूट न्हाई, वशिंड न्हाई पाठीला,
असला कसला बैल, दिगूशेठ, बांधला तुमी गाठीला!"

हर हर महादेव झालं, तोरण तुटलं, पोळा फुटला. बैल घराकडं निघाले. मी चावी फिरवली... ट्रॅक्टर ढिम्म.

सलीमभाई मिस्त्री हिंगोलीहून पोळा बघायलाच आला होता. त्यानं बाह्या सारल्या, पाना घेतला आणि डिझेल पंप काढून हातात धरला. "पंप गया, दिगूभाई. दुकानपे खोलना पडेगा. कल लाता."

पंप म्हणजे ट्रॅक्टरचं काळीज. ते पिशवीत घालून, मोटरसायकलच्या हँडलला लटकवून सलीमभाई निघून गेला.

आणि घरी आबा उपाशी! सकाळी शुगरची गोळी घेतलेली, पोटात पाण्याशिवाय काही नाही. दुपारपर्यंत गप्पा मारत होते. मग हात थरथरायला लागला, कपाळावर घाम.

"आबा, साखर तरी टाका तोंडात," सविता काकुळतीला आली.

"साखर घास न्हाई व्हय?"

मी म्हटलं, ताट देवळापाशी नेतो, तिथंच दाखवू त्याला.

"आवतण दिलेला पाव्हणा दारात येऊन जेवतो. रस्त्यावर ताट नेतोस? भिकारी हाय का त्यो?"

"मग भुजंगाच्या ट्रॅक्टरनं ओढून आणतो."

"दावं लावून वढून आणलेला पाव्हणा जेवत असतो का रे?"

तरीही मी, भुजंगा आणि गल्लीतली सगळी दांडगी पोरं खाली गेलो. बिनदाव्याचं ढकलायला काय हरकत! जोर असा लावला की माझ्या सदऱ्याची बटणं ओढ्यापलीकडं पडली. ट्रॅक्टर हातभर पुढं जायचा, हातभर मागं. शेवटी चाक रुतलं. मी गिअरात टाकला, मागच्या चाकाला धोंडा लावला, चावी खिशात घातली आणि घरी आलो. ठरवलं, आता आबांना उचलायचं आणि नेमासकट दवाखान्यात न्यायचं. भुजंगाला जीप आणायला पाठवलं आणि चिखलाचं तोंड धुवायला मागं गेलो.

तेवढ्यात हलगी जवळ येत असलेली ऐकू आली. पोळ्याला हलगीवाले किसनमामा दारोदार वाजवत येतात. आणि मग सविताची ती आरोळी.

किसनमामा उलट्या पावली नाचत अंगणात शिरले होते. सजवलेल्या बैलापुढं नाचतात तसे, तोंड बैलाकडं करून. त्यांच्या पुढ्यात, हलगीच्या ठेक्यावर, झूल-बाशिंगासकट ट्रॅक्टर आत आला. इंजिनाचा आवाज नाही. धूर नाही. तुळशीपाशी आला आणि थांबला. किसनमामांनी हलगी थांबवली, सीटकडं बघितलं, आणि तो भला माणूस मटकन खाली बसला.

"दिगूभाऊ... मला वाटलं बाशिंगामागं तुमीच वाकून बसलाव! देवळापासून माझ्या मागं मागं येऊन राहिला त्यो!"

मी चावी चाचपली. खिशातच होती.

आबा खांबाला धरून उठले. मी आधार द्यायला गेलो तर हात झटकला. तांब्यातलं पाणी त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांवर घातलं, बॉनेटला कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास मोडून पुढच्या जाळीला लावून धरला. बराच वेळ धरला, शेवटी जाळीतच खोचून ठेवला. मग म्हणाले, "सविता, माझं ताट वाढ." आणि माझा बाप तिथंच, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून, पोटभर जेवला. भुजंगा जीप घेऊन आला तेव्हा आबा दुसरी पोळी मागून राहिले होते.

(जाळीला लावलेला घास सकाळी नव्हता. कुत्र्यानं नेला असेल. मी यात पडत नाही.)

सकाळी आम्ही खाली जाऊन बघितलं. धोंडा जागच्या जागी. चढावर चाकांची चाकोरी आणि मधे किसनमामांची पावलं. ढकलणाऱ्यांची पावलं देवळापाशी होती तेवढीच, वर एकही नाही. सलीमभाई पंप घेऊन आला, बॉनेट उघडलं, मोकळी जागा बघितली, पिशवीतला पंप बघितला.

"पंप तो मेरे पास है."

"हो."

"फिर ये उप्पर कैसा आया?"

"तूच सांग, तू मिस्त्री."

त्यानं उतार म्हटलं – मी चढ दाखवला. पोरांनी ढकलला म्हटलं – पोरांनी लेकराबाळांच्या शपथा घेतल्या. शेवटी त्यानं पंप बसवला, चहासुद्धा न पिता गेला, आणि तेव्हापासून माझ्या ट्रॅक्टरशी 'आप' म्हणून बोलतो. मी इंजिनिअर भाच्याला फोन केला, कंपनीच्या माणसाला विचारलं. कुणाकडंही उत्तर नाही. माझ्याकडंही नाही, आणि मी तर असा माणूस आहे की ज्याच्याकडं न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर असतं.

राहिले आबा. ते ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी शेजारी टेकलो.

"आबा, खरं सांगा. त्यो आला कसा?"

आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"भूक लागली आसंल."