अप्पांनी टाकलेलं जाड गॅस्केट

ज्यानं माणसाचं नाव मातीत मिळवलं, त्यानंच आज सगळ्यात आधी हार घातलेला फोटो टाकला.

'लेजंड' म्हणे. 'गुरुजी' म्हणे.
मागं तीच लाल गाडी.

शिसारी आली. जेवणाचं ताट सरकवून हे लिहितोय.

गुंडप्पा मिस्त्री आज सकाळी गेले. बसवकल्याणात बस स्टँडमागं त्यांचं पत्र्याचं गॅरेज. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो.

विरेश माझा शाळेपासूनचा दोस्त. आठेक वर्षांपूर्वी त्यानं सोलापूरहून एक जुनी लाल विलायती स्पोर्ट्स कार आणली. दोन सीटची. हौस दांडगी, अक्कल शून्य.

त्या गाडीचं कॉम्प्रेशन जास्त. म्हणजे इंजिन पेट्रोलला जरा जास्तच आवळतं. तिला हाय ऑक्टेन पेट्रोल लागायचं, आणि ते तेव्हा आमच्या गावात मिळत नव्हतं.

"ऑक्टेन म्हंजे ताकद न्हाई रे," अप्पा सांगायचे. "किती बी आवळलं तरी दम धरतंय, येळंच्या आदी पेटत न्हाई, ते चांगलं पेट्रोल. साधं आदीच भडकतंय."

म्हणून अप्पांनी हेडखाली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली बसते ती पातळ पट्टी काढून जाड गॅस्केट टाकलं. आत जागा वाढली, कॉम्प्रेशन उतरलं, गाडी साध्या पेट्रोलवर मजेत पळायला लागली. पिकअप थोडा कमी, एवढंच.

विरेशला तेवढंच खुपलं.

हैदराबादच्या एका 'स्पेशालिस्ट'कडं नेऊन त्यानं ते जाड गॅस्केट काढलं, पातळ बसवलं. "गावठी जुगाड" म्हणून दोघं हसले. स्पेशालिस्टनं निघताना बजावलं होतं, आता हाय ऑक्टेनच टाका.

विरेशसाहेबांनी आल्या आल्या गावातल्याच पंपावर साधं पेट्रोल टाकी भरून घेतलं. उमरग्याकडं निघालो. मी बाजूच्या सीटवर.

चढाला इंजिनातून किणकिण यायला लागली.

अप्पा त्याला नॉकिंग म्हणायचे नाहीत. 'कांकणं' म्हणायचे. "कांकणं वाजायलीत म्हंजे पाय काढ, गाडी बाजूला घे." आम्हा दोघांना शंभरदा सांगितलं होतं.

"विऱ्या, कांकणं वाजायलीत लेका."

त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

पिस्टनला भोक पडलं. दुसऱ्या गाडीमागं टोचन लावून, ओढत गाडी अप्पांच्याच दारात आणली आणि सोडून निघून आलो.

दुसऱ्या दिवसापासून विरेशचं सुरू.
"म्हाताऱ्यानं वाट लावली गाडीची. त्याला दिसत न्हाई आता. कामून देताव त्याच्याकडं?"

टपरीवर. व्हॉट्सॲप ग्रुपवर. लग्नाच्या पंगतीत.

हळूहळू गॅरेजला गाड्या येणं थांबलं. जन्मभर ग्रीसमध्ये हात घातलेला माणूस रिकाम्या दारात खुर्ची टाकून बसायला लागला.

आणि मी? त्या पंगतीत मी विरेशच्या शेजारीच होतो. जिलेबी खात होतो. दोस्तीखातर गप्प आहे असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे भित्रा होतो. थू माझ्यावर.

गेल्या वर्षी शेवटी अप्पांकडं गेलो. सगळं सांगितलं. गॅस्केट, पेट्रोल, कांकणं.

अप्पा शांतपणे पाना पुसत राहिले.
"मला ठावं हाय. हेड उघडलो तर माजं गॅस्केट न्हवतंच. पिस्टन बी बगितलो."

"मग तुम्ही बोललाव कामून न्हाई, अप्पा?"

"मी बोललो आस्तो तर लोक म्हनले आस्ते, आपली चूक झाकायलाय. तू त्या गाडीत हुतास. मला वाटलं, तू बोलशील."

तरीसुद्धा मी घरी येऊन गप्प बसलो. अजून एक वर्ष.

आज बोलतोय. गावातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून पोस्ट पब्लिक ठेवलीय.

ती गाडी अप्पांनी बिघडवली नव्हती. विरेशनं आणि मी बिघडवली. अप्पांचा हात शेवटपर्यंत चुकला नाही.

विरेश, तो फोटो काढून टाक.

अप्पा, माफी मागायची माझी लायकी नाही.
शेवटचा नमस्कार तेवढा घ्या. शरणु शरणार्थी.