समोर कितीजण आहेत

मंगळवारी आणि शुक्रवारी मी वेल्ह्याकडच्या पालीहून भोरला डायलिसिसला जाते. सकाळच्या लोकांची मशिनं सुटेपर्यंत आम्हा दुपारच्या लोकांना बाहेरच्या बाकांवर बसावं लागतं. त्या बाकांवर मी पोकर शिकले.

शिकवलं ते भाटघरच्या काकांनी. उभा जन्म त्यांनी बोटीवर स्वयंपाकी म्हणून काढला होता. किडन्या गेल्यावर घरी आले. आम्ही चौघं होतो. मी, काका, भोरच्या तहसील कचेरीत नोकरीला असलेली एक ताई, आणि वेल्ह्याकडचे एक म्हातारे शेतकरी, ज्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. बाबा आणि मी एकाच एसटीनं यायचो.

खेळ सोपा होता. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते. मध्ये आधी तीन पत्ते उघडायचे, मग चौथा, मग पाचवा. उघडायच्या आधी एकदा आणि मग दर वेळी चाल. चालीचं माप ठरलेलं, पहिल्या दोन वेळा एक चिंचोका, शेवटच्या दोन वेळा दोन. "बोटीवर असंच खेळायचो," काका म्हणाले. "कुणी एका डावात नागवा होत नाही. हळूहळू होतो."

मला चांगले पत्ते आले की मी लगेच चाल वाढवायची. तिथपर्यंत ठीक. पण मधले तीन पत्ते उघडले आणि त्यांत माझ्या कामाचं काही नसलं तरी मी चाल टाकतच राहायची. एकदा माझ्याकडे एक्का आणि राजा होता. मी वाढवलं, तिघंही आले. खाली उघडली नव्वी, सत्ती, छक्की. मी चाल टाकली. चौथ्या पत्त्याला परत टाकली. शेवटी बाबांनी छक्कीची जोडी दाखवली आणि ढीग ओढून घेतला.

"आधी वाढवलंस म्हणून पुढं टाकायलाच पाहिजे असं नाही," काका म्हणाले. "त्या तीन पत्त्यांनी तुला काय दिलं?"

"कायबी न्हाई."

"समोर कितीजण होते?"

"तुमी तिघं."

"तिघांतल्या एकाला तरी काहीतरी लागलेलं असणार. मग गप बसायचं. समोर एकटाच असला तर टाक. त्यालाही बहुतेक वेळा काही लागलेलं नसतं. ढिगात पाच चिंचोके, तू टाकतेस एक. पाचसहा वेळांत एकदा जरी तो उठला, पत्ते ठेवून डाव सोडला, तरी तुझं भागतं."

"आणि बाबा असले तर?" ताईनं विचारलं.

"बाबा असले तर हातात असल्याशिवाय टाकायचंच नाही. ते उठत नाहीत."

ते खरं होतं. बाबा कधीच डाव सोडायचे नाहीत. हातात दुर्री-सत्ती असली तरी म्हणायचे, "म्या बघणार." आणि चिंचोका टाकून बघायचे. ताई हसून हसून खोकायची.

भाताच्या कापणीच्या सुमाराला बाबा एसटीत दिसेनासे झाले. दोन पाळ्या चुकल्या तेव्हा ताईनं सुट्टी टाकली, माझ्याकडे पालीला आली आणि आम्ही दोघी त्यांच्या गावी गेलो. बाबा ओटीवर बसले होते. पाय सुजून खांबासारखे झाले होते. सून आत चुलीपाशी होती, ती बाहेर आली नाही.

"बाबा, उद्या चला. मी गाडी सांगते," ताई म्हणाली.

"न्हाई. आता बास."

"असं कसं बास?"

"दोन दिस तिकडं, दोन दिस हितं निपचित पडून. मग राहिलं काय? पोरानं मला उचलून गाडीत घालायचं, उचलून काढायचं. बास झालं."

ताईला राग आला. "पत्त्यांत तर कधी उठला न्हाईत तुमी!"

"ते चिंचोकं हाईत गं," बाबा म्हणाले. "बघायला काय जातंय."

निघताना त्यांनी आम्हाला पिशवीभर नवे तांदूळ दिले.  पंधरवडा झाला नाही तोच बाबा गेले.

मग आम्ही तिघं खेळायला लागलो. खेळ बदलला. वाढवल्यावर आता बहुतेक वेळा एकच समोर राहायचा. मी टाकायची, समोरचा उठायचा. मी जिंकायला लागले. काका म्हणाले, "आता बरोबर खेळतेस." मला ते ऐकून बरं वाटलं नाही. माझ्या खेळात काही फरक पडला नव्हता. बाकावर एक जागा रिकामी होती, एवढंच.

ताईच्या हातातली मशिनला जोडायची शीर बंद पडली म्हणून तिच्या मानेत नळी बसवली होती. मार्चमध्ये मशिनवर असतानाच तिला हुडहुडी भरली. सिस्टरनं चार चादरी घातल्या तरी तिचे दात वाजत होते. माझं मशिन शेजारीच होतं. माझ्या एका हातात सुया, दुसरा हात तिच्यापर्यंत पोचत नव्हता. "ताई, ताई," एवढंच मी म्हणत राहिले. तिला पुण्याला नेलं. नळीतून जंतू रक्तात गेले होते. ती परत आली नाही. तिच्या पुण्यानुमोदनाला मी आणि काका गेलो. बुद्धवंदना झाल्यावर तिची आई आमच्यापाशी आली आणि म्हणाली, "तुमच्या खेळाचं लई सांगायची."  

राहिलो दोघं. दोघांत खेळायचं म्हणजे टाकतच राहायचं, हे काकांनीच शिकवलेलं. मी टाकायची, काका उठायचे. परत टाकायची, परत उठायचे. चिंचोके सगळे माझ्याकडे जमायचे, मग आम्ही ते निम्मे निम्मे करून पुन्हा सुरू करायचो.

एकदा खाली राजा, अठ्ठी, तिर्री उघडली. माझ्याकडे काहीच नव्हतं. मी चाल टाकली आणि काकांनी पत्ते खाली ठेवले. या वेळी ते सुलटे पडले, तोंड वर. दोन राजे.

"काका, दोन राजं हुतं की तुमच्याकडं. खाली पण राजा हाय."

त्यांनी पत्ते उचलून नाकाला लागतील इतके जवळ नेले. बराच वेळ बघितलं.

"हे राजे आहेत? मला गुलाम वाटले. खालचा तर दिसलाच नाही."

"कधीपासनं?"

"दिवाळीपासून असं धुरकट आहे."

म्हणजे इतके महिने ते पत्ते नीट न दिसताच उठत होते. मी म्हटलं, "मी सांगत जाईन तुमचे पत्ते." ते म्हणाले, "मग खेळ कसला तो?" आणि पत्त्यांना रबर लावून त्यांनी ते पिशवीत टाकले. त्यानंतर आम्ही नुसतेच बसायचो. ते बोटीवरच्या स्वयंपाकघराचं सांगायचे, वादळात भांडी कशी बांधून ठेवायची ते. मी ऐकायची.

काका घरीच गेले, झोपेत. त्यांच्या मुलीनं सिस्टरला फोन केला आणि सिस्टरनं मला सुई टोचता टोचता सांगितलं. तो हात हलवायचा नव्हता, डोळे दुसऱ्या हातानं पुसले.

पुढच्या शुक्रवारी सिस्टर म्हणाली, "मावशी, खिडकीकडचं मशिन रिकामं आहे, तिकडं बसा. उजेड येतो." ते काकांचं मशिन. मी बसले. खुर्चीचा पायाकडचा भाग त्यांच्या उंचीप्रमाणे लांब ओढलेला होता, माझे पाय तिथवर पोचत नव्हते. सिस्टरनं वाकून तो आत ढकलला, माझा हात उशीवर ठेवला आणि चिकटपट्टी फाडली.