गंजाडचं तोंड मी बंद केलं

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना हसू नका. आणि हसणार तर तुम्ही नक्कीच, कारण आज मी माझ्याच गाढवपणाची गोष्ट सांगतोय.

डहाणूत एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी राउटर सांभाळतो. राउटर म्हणजे नाक्यावरचा जाणकार हो! वाणगाव इकडून, गंजाड तिकडून, अशा वाटा दाखवणारा. हे राउटर सतत एकमेकांशी बोलून वाटांची खबर घेत असतात; बोलणं थांबलं, की वाटही विसरतात. राउटरला तार जोडायची जागा म्हणजे त्याचं दार. पण गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या दारातून बडबडून उपयोग काय? तिथे ऐकायला दुसरा राउटरच नाही! उलट एखादा उपद्व्यापी मध्ये घुसायचा. म्हणून अशी दारं 'पॅसिव्ह' करतात. म्हणजे दाराचं नाव यादीत राहतं, पण तोंड बंद.

एवढं ज्ञान मी ठाण्याच्या तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये मिळवलं, आणि परतलो तो असा, की जणू इंटरनेट आमच्या काकांनीच शोधलं!

"शेठ, आपला गंजाडचा राउटर सगळ्या दारांतून बडबडतो," मी मालकांना म्हटलं. "त्याला शिस्त लावतो."

"चालतंय ना? मग हात कशाला लावतो? आणि आज तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

शेठचा रोख मला कळला. गंजाडच्या वैशालीला मी नुकताच बघून आलो होतो. हजरजबाबी पोरगी, मला तर मनापासून आवडली होती. होकार की नकार, ते तिच्या घरचे त्या दिवशी बारापर्यंत फोन करून कळवणार होते.

तरी मी दहा वाजता डहाणूत बसून गंजाडला पहिला हुकूम सोडला: सगळी दारं गप्प! लगेच दुसरा टाईप केला: डहाणूकडचं दार तेवढं बोलू दे. स्क्रीन गोठली. लॅपटॉप जुना, रोजच गोठतो. झाकण मिटलं आणि चहा मागवला.

अकरा वाजले. गंजाडहून एक तक्रार नाही! एरवी तिथले लोक नुसता ढग आला तरी फोन करतात.

"बघितलंत शेठ? याला म्हणतात काम!"

बारा वाजले. वैशालीकडूनही फोन नाही. एक वाजला, दोन वाजले. माझा चेहरा उतरत चालला.

"अरे, तूच लाव ना फोन," शेठ म्हणाले.

"मी? आम्ही मुलाकडचे, शेठ! आम्ही आधी फोन करायचा नसतो."

बघा हं माझी अक्कल. एक शांतता मी शाबासकी समजलो आणि दुसरी नकार.

अडीचला एक गृहस्थ धुळीने माखून आत आले आणि हेल्मेट टेबलावर आपटलं. "कोण आहे रे इथला दीडशहाणा? दहापासून गंजाडचं नेट बंद!"

"मग काका, फोन नाही का करायचा?" मी रुबाबात विचारलं.

"कशावरून करू? आमच्या पाड्यात रेंज कुठाय? फोनसुद्धा तुमच्या वायफायवरूनच लागतो!"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझा दुसरा हुकूम गंजाडला पोचलाच नव्हता. पोचणार कसा? ज्या वाटेने जायचं, ती पहिल्या हुकमाने मीच बंद केली होती!

"तपास करतो," मी पुटपुटलो.

"तपास मागून कर. भाचीचं लग्न जुळतंय, बारापर्यंत मुलाला होकार कळवायचा होता. पोरगी रडकुंडीला आलीय. आता इथे रेंज आहे, आधी त्याला लावतो, मग तुमच्याकडे बघतो."

हे वैशालीचे मामा! मी बघायला गेलो त्या दिवशी ते परगावी होते, म्हणून आमची ओळख नव्हती. त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर दाबला आणि माझा खिसा वाजू लागला. मी घाईने फोन कापला.

"कापला! चिडलाय वाटतं पोरगा," मामा हळहळले आणि पुन्हा नंबर दाबला. पुन्हा माझा खिसा.

शेठना हसू आवरेना. "अरे उचल की, निलेश!"

मामांनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा चिठ्ठी.

"म्हणजे तो दीडशहाणा आमचाच?"

त्यांच्याच मोटारसायकलवर मागे बसून मी गंजाडला गेलो. अख्खा पाडा जमला होता. राउटरला केबल लावून ते एक दार उघडलं, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

"डोकं कुठे होतं तुमचं?" वैशालीने विचारलं.

"इथेच," मी म्हटलं. ती हसली, म्हणून वाचलो.

आता आमचं लग्न झालंय. दारावरच्या पाटीवर नाव माझंच आहे, घरी येणाऱ्या लग्नपत्रिकांवरही माझंच असतं. पण घरात काही ठरवायला सगळे बसले आणि मी तोंड उघडलं, की वैशाली मामांना सांगते, "त्यांचं मनावर घेऊ नका. ते दार पॅसिव्ह आहे."